आधी पाठांतर, मग स्फूर्ती : तुकोबांनी सांगितलेला साधनेचा क्रम

साधना करता करता एके दिवशी शब्द आपोआप स्फुरू लागतात, अशी अध्यात्ममार्गावरील कवित्वाबद्दलची सर्वसाधारण समजूत आहे. संत तुकाराम महाराजांनी स्वतःच्या आयुष्याचा जो हिशेब मांडून ठेवला आहे, त्यात मात्र कवित्वाची पाळी फार उशिरा येते. त्याआधी त्यांनी काय केले आणि त्यानंतर काय सोसले, याचा हा मागोवा.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२४ मध्ये २१ डिसेंबर हा दिवस जागतिक ध्यान दिन म्हणून जाहीर केला. २१ जूनचा आंतरराष्ट्रीय योग दिन २०१५ पासून साजरा होत आहेच. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ध्यानवर्ग, नामजपाची मंडळे आणि मौनाची शिबिरे आता नवलाईची राहिलेली नाहीत. धकाधकीच्या दिनक्रमातून पहाटेची अर्धी घटका डोळे मिटून बसणारा माणूस जवळपास प्रत्येक इमारतीत सापडेल. अशा साधकांपैकी काहींना पुढे लिहावेसे वाटू लागते. ओळी सुचतात, वह्या भरतात आणि मग एक प्रश्न अस्वस्थ करू लागतो. हे शब्द आपले की कुणीतरी आपल्याकडून वदवून घेतलेले? आणि वदवून घेतलेले असतील, तर ते तपासायचे कसे?

प्रश्न जुना आहे. महाराष्ट्रात सतराव्या शतकात देहूच्या एका वाण्याला तो पडला होता आणि त्याने त्याचे उत्तर आयुष्य पणाला लावून शोधले होते. विशेष म्हणजे त्या शोधाच्या पायऱ्या त्याने स्वतःच क्रमाने सांगून ठेवल्या आहेत. तुकोबांची गाथा घरोघरी असते, त्यांच्या ओळी आपल्या बोलण्यात म्हणींसारख्या येतात. परंतु या क्रमाकडे मात्र आपले पुरेसे लक्ष जात नाही.

एका अभंगातील आत्मचरित्र

तुकोबांनी स्वतंत्र आत्मचरित्र लिहिले नाही. मात्र गाथेतील एका दीर्घ अभंगात त्यांनी आपल्या जीवनाचा आढावा घेतला आहे. संतमंडळींनी विचारले म्हणून सांगतो, एरवी हे सांगणे योग्य नव्हे, अशी संकोचाची प्रस्तावना ते सुरुवातीलाच करतात. पुढचे कथन एखाद्या व्यापाऱ्याने खतावणी वाचून दाखवावी तसे चालते. जात कोणती, धंदा कोणता, काय गमावले, मग काय केले, त्याचा परिणाम काय झाला. कुठे अतिशयोक्ती नाही, चमत्काराचा उल्लेखही जवळजवळ नाही. अध्यात्मिक अनुभवाबद्दल इतक्या कोरडेपणाने आणि इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेला मजकूर मराठीत दुर्मीळच म्हणावा लागेल.

हा क्रम थोडक्यात असा : संसारातील आपत्ती, देवळाची दुरुस्ती, कीर्तनाचा आरंभ, संतवचनांचे पाठांतर, इतरांमागे धृपद धरणे, शक्य तेवढा परोपकार, स्वतःच्या मनाला साक्षी ठेवून खऱ्याखोट्याचा निवाडा, गुरूचा स्वप्नातील उपदेश, नामावरील दृढ विश्वास, आणि त्यानंतर कवित्वाची स्फूर्ती. ती लाभते न लाभते तोच निषेधाचा आघात, वह्यांची बुडवणूक आणि देवाच्या दारी धरणे. कवित्व या यादीच्या शेवटाकडे आहे आणि ते लाभल्यानंतर लगेच सुख नाही, तर परीक्षा आहे. या दोन्ही गोष्टींना अर्थ आहे.

दुष्काळाने शिकवलेला पहिला धडा

तुकोबांच्या जन्मवर्षाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. सर्वाधिक मान्यता १६०८ या वर्षाला आहे. देहूचे मोरे घराणे व्यापारउदीम करणारे, गावात महाजनकी असलेले. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरात विठ्ठलाची उपासना आणि पंढरीची वारी होती. म्हणजे भक्ती तुकोबांना वारशानेच मिळाली होती. परंतु वारशाने मिळालेली भक्ती आणि स्वतः कमावलेली भक्ती यांतले अंतर त्यांना पुढे स्वतःच तोडावे लागले.

आईवडील गेले. थोरले बंधू सावजी पत्नीच्या निधनानंतर विरक्त होऊन तीर्थाटनाला निघून गेले. अशात १६३० ते १६३२ या काळात दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. त्याची वर्णने मोगल दरबारच्या बखरकारांनी आणि त्या काळी हिंदुस्थानात आलेल्या युरोपीय प्रवाशांनीही नोंदवून ठेवली आहेत. या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नान्न करीत मरण पावली. थोरला मुलगा संतूही गेल्याचे परंपरा सांगते. धंदा बुडाला, पत गेली, गावात तोंड दाखवण्याची लाज वाटू लागली. हे सारे तुकोबा त्या अभंगात एकेका वाक्यात सांगून टाकतात.

अशा अवस्थेतील माणूस एकदम ध्यानाला बसला, असे चरित्रकाराने लिहिले असते तरी कुणी शंका घेतली नसती. तुकोबा मात्र वेगळेच सांगतात. विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते दुरुस्त करावेसे वाटले, हे त्यांचे पहिले पाऊल. दगडमातीचे, हाताने करायचे काम. मन ठिकाणावर नसताना अंगमेहनतीच्या कामाला लागावे, हे शहाणपण त्यात आहे. साधनेची सुरुवात मनाच्या कुठल्या विशेष अवस्थेपासून झाली नाही, एका मोडक्या भिंतीपासून झाली.

धृपद धरणारा माणूस

देऊळ उभे राहिले आणि एकादशीला कीर्तन सुरू झाले. पण आरंभी अभ्यासात चित्त लागत नव्हते, अशी कबुलीही तुकोबा देतात. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. पूर्वीच्या संतांची वचने श्रद्धेने आणि आदराने पाठ केली. आणि जे पुढे उभे राहून गात होते, त्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले.

शहरी वाचकासाठी या दुसऱ्या गोष्टीचा थोडा खुलासा आवश्यक आहे. वारकरी कीर्तनात कीर्तनकार पुढे उभा असतो आणि त्याच्या मागे टाळकऱ्यांची रांग असते. कीर्तनकार अभंगाचे चरण उलगडत जातो. मागचे टाळकरी धृपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा चरण, उचलून धरतात. लोकांची नजर पुढच्यावर असते. मागच्याने शब्दाला, तालाला आणि स्वराला चुकायचे नसते, मात्र स्वतःचे म्हणून काहीही सांगायचे नसते. आपले म्हणणे बाजूला ठेवून दुसऱ्याचा शब्द तोलून धरण्याचे हे शिक्षण आहे. मराठीतील सर्वांत प्रभावी वाणी ज्याच्या मुखातून पुढे प्रकटली, तो माणूस प्रथम अशा मागच्या रांगेत उभा होता.

भक्तिशास्त्राच्या दृष्टीनेही हा क्रम नेमका आहे. भागवत पुराणात भक्तीचे जे नऊ प्रकार सांगितले आहेत, त्यांत पहिले श्रवण, दुसरे कीर्तन आणि तिसरे स्मरण. आधी ऐकायचे, मग गायचे, मग ते आतमध्ये मुरू द्यायचे. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ आणि कबीर यांची वचने तुकोबांनी अशी मुरवली, असे परंपरा सांगते. त्यातून श्रद्धा वाढली हे खरेच, पण आणखीही एक गोष्ट घडली. अभंगाचा छंद, त्याचे यमक, त्याची लय त्यांच्या श्वासात उतरली. पुढे स्फूर्ती आली तेव्हा तिला उतरायला घाट तयार होता. ज्याने शेकडो अभंग पाठ केले आहेत, त्याला शब्द शोधत बसावे लागत नाही. आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते आपोआप आल्यासारखे वाटतात.

डोंगरावरचा एकांत

देहूच्या परिसरात भामचंद्र, भंडारा आणि घोरावडेश्वर असे तीन डोंगर आहेत. तिन्ही तुकोबांच्या साधनेशी जोडलेले आहेत. घोरावडेश्वराच्या डोंगरावर प्राचीन बौद्ध लेणी आहेत. म्हणजे एकांतात बसण्यासाठी या टेकड्यांची निवड तुकोबांच्या कितीतरी शतके आधी भिक्षूंनी केली होती. भामचंद्रावर पंधरा दिवस राहून तुकोबांना साक्षात्कार झाला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. भंडाऱ्यावर बसून ते ज्ञानेश्वरी आणि एकनाथी भागवताचे वाचन-मनन करीत, असे चरित्रकार महिपती सांगतात.

या ध्यानाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. पतंजलींच्या योगसूत्रांत धारणा, ध्यान आणि समाधी अशा चढत्या पायऱ्या आहेत. चित्त एका ठिकाणी बांधणे ही धारणा आणि त्या एकाच वृत्तीचा अखंड प्रवाह म्हणजे ध्यान. वारकरी पंथात चित्त बांधण्याचे ठिकाण ठरलेले आहे : विटेवरचे रूप आणि मुखातले नाम. त्यामुळे आसन-प्राणायामाची तयारी नसलेल्या शेतकऱ्याला, बलुतेदाराला, दळणकांडण करणाऱ्या स्त्रीलाही हा मार्ग मोकळा राहिला. मन रिकामे करण्यापेक्षा ते एकाच गोष्टीने भरून टाकणे, अशी ही रीत आहे.

याच काळातील एक घटना तुकोबांच्या चरित्रात मोलाची आहे. घराण्याच्या सावकारीची खते, म्हणजे लोकांकडून येणे असलेल्या रकमांचे कागद, त्यांनी बाहेर काढले. निम्मे धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याला दिले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत बुडवले. दुष्काळानंतरच्या त्या दिवसांत ऋणकोंच्या डोक्यावरचा बोजा त्यामुळे उतरला. तुकोबांच्या आयुष्यात इंद्रायणीने दोनदा कागद गिळले. पहिल्या वेळी ते येण्याचे होते आणि तुकोबांनी आपखुशीने बुडवले. दुसऱ्या वेळी ते अभंगांचे होते.

दोन स्वप्ने

आता आपण स्वप्नांपाशी येतो. तुकोबांच्या चरित्रात दोन स्वप्ने निर्णायक आहेत आणि दोन्हींविषयी त्यांनी स्वतः अभंग रचले आहेत.

पहिल्या स्वप्नात गुरू भेटले. नदीवर स्नानाला जात असताना वाटेत ते भेटले, मस्तकी हात ठेवला आणि भोजनासाठी पावशेर तूप मागितले; ते द्यायचे मात्र आपल्याला विस्मरण झाले, असे तुकोबा सांगतात. राघवचैतन्य, केशवचैतन्य अशी परंपरा सांगून गुरूंनी आपले नाव बाबाजी असे सांगितले आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला. तो दिवस माघ शुद्ध दशमीचा होता. देहू संस्थानापासून गावोगावच्या दिंड्यांपर्यंत आजही हा मंत्र वारकऱ्यांच्या मुखी असतो. साक्षात गुरुदर्शनाचे वर्णन करताना तूप द्यायचे राहिले ही चुटपुट नोंदवणारा साधक विरळाच. अनुभवाला शोभिवंत करण्याचा मोह इथे दिसत नाही, म्हणूनच तो अनुभव विश्वासार्ह वाटतो.

दुसऱ्या स्वप्नात नामदेव पांडुरंगाला सोबत घेऊन आले आणि त्यांनी तुकोबांना कविता करण्याची आज्ञा केली. व्यर्थ बोलण्यात वाणी खर्च करू नकोस, असे बजावले. नामदेवांनी शतकोटी अभंग रचण्याचा संकल्प सोडला होता. तो अपुरा राहिला, उरलेला भाग तुकोबांनी पूर्ण करायचा, असे ठरले. चौदाव्या शतकात देह ठेवलेल्या संताने सतराव्या शतकातील साधकावर आपल्या अपुऱ्या कामाचा भार सोपवला, असा या स्वप्नाचा आशय आहे.

आज आपण स्फूर्ती म्हणजे काही नवे आणि केवळ आपलेच, असे मानतो. तुकोबांच्या स्वप्नात मिळाले ते दुसऱ्याचे राहिलेले काम. ही केवळ त्यांचीच गोष्ट नव्हे. एकनाथांनाही ज्ञानदेव स्वप्नात दिसले होते. आळंदीच्या समाधीतील आपल्या कंठाला अजानवृक्षाची मुळी लागली आहे, ती काढ, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या गोळा करून, पाठभेद तपासून १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पोथ्या ताडून पाहण्याचे हे काम किती चिकाटीचे असते, हे संपादन करणारा कोणीही सांगेल. मराठी संतपरंपरेतील स्वप्ने अशी आहेत. ती पदवी देत नाहीत, कामाला लावतात.

शब्द कोणाचे?

आज्ञा मिळाल्यावर तुकोबा लिहू लागले. आपण आपल्या बळावर बोलत नाही, बोलविता धनी निराळा आहे, असा भाव त्यांच्या अनेक अभंगांत आहे. शिकवलेला पक्षी गोड बोलतो, पण शिकवणारा वेगळाच असतो, असा दाखलाही ते देतात. इथपर्यंत कोणताही प्रेरित कवी असेच म्हणेल.

तुकोबांचे वेगळेपण यापुढे आहे. हेच तुकोबा अन्य अभंगांत स्वतःला सोलून काढतात. मुखाने मोठे बोलतो, पण अनुभव तेवढा नाही. लोक मला संत म्हणतात, पण माझे मन मला ठाऊक आहे, अशी तक्रार ते वारंवार करतात. देव भेटत नाही म्हणून त्याच्याशी भांडतात, त्याला दिवाळखोर ठरवतात, तर कधी पार खचून जातात. प्रा. रा. द. ऊर्फ गुरुदेव रानडे यांनी महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारमार्गावर १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात तुकोबांच्या या अवस्थेचा विस्ताराने विचार केला आहे. युरोपातील ख्रिस्ती संतांनी वर्णिलेली आत्म्याची काळरात्र त्यांना इथे दिसली. साक्षात्काराआधीची व्याकुळता आणि नंतरची प्रसन्नता असे दोन्ही सूर गाथेत आहेत.

म्हणजे शब्द देवाचे आहेत असे मानूनही तुकोबांनी स्वतःला तपासणीतून सूट दिली नाही. आत्मचरित्राच्या अभंगात ते सांगतात की सत्य आणि असत्य यांचा निवाडा करताना आपण मनाला साक्षी ठेवले, बहुमताला मानले नाही. बहुमत म्हणजे निंदकांचेही आणि स्तुती करणाऱ्यांचेही. भोवती जमलेल्या भक्तांच्या माना डोलल्या म्हणून आपले शब्द खरे, असे त्यांनी मानले नाही.

नदीकाठचे तेरा दिवस

खरी कसोटी पुढेच होती. शूद्र मानल्या गेलेल्या जातीतला माणूस प्राकृतात वेदांचा अर्थ सांगतो, ब्राह्मणही त्याच्या पाया पडतात, हे अनेकांना रुचले नाही. वाघोलीचे विद्वान रामेश्वर भट यांनी आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्या नदीत बुडवाव्या लागल्या, असे परंपरा सांगते. ज्या इंद्रायणीत देण्याघेण्याची खते गेली, तिच्यातच देवाच्या आज्ञेने लिहिलेले शब्दही गेले.

हा प्रसंग साधकाच्या दृष्टीने किती बिकट होता, याची कल्पना करावी. लिहिले ते देवाच्या आज्ञेने, तर मग निषेध का व्हावा? आणि निषेध खरा असेल, तर ती आज्ञा म्हणजे नुसता भास होता काय? केवळ वह्या गेल्याचे हे दुःख नव्हते. ज्या एका स्वप्नावर सारे उभे होते, तेच डळमळले होते. तुकोबांनी वाद घातला नाही, राजदरबारी दाद मागितली नाही. ते नदीकाठी अन्नपाणी वर्ज्य करून धरणे धरून बसले. तेरा दिवस गेले आणि वह्या कोरड्या वर आल्या, असे भक्त मानतात. प्रभात कंपनीच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटाने आणि त्यातील विष्णुपंत पागनीसांच्या भूमिकेने हा प्रसंग मराठी मनावर कायमचा कोरला. अभंग लोकांच्या मुखी तरले, असा अर्थ आधुनिक अभ्यासक लावतात. दगडांसह बुडवलेल्या वह्या तरल्याचा उल्लेख खुद्द रामेश्वर भटांच्या रचनेत येतो. हे भट पुढे तुकोबांचे शिष्य झाले आणि त्यांनी तुकोबांची आरतीही रचली.

पण या प्रसंगानंतरच्या अभंगांत तुकोबांचा सूर विजयाचा नाही. देवाचा अंत पाहिला, लोकांच्या बोलण्याने चित्त क्षोभवून त्याला कष्टवले, हा आपला मोठा अपराध झाला, असे ते म्हणतात. जिंकल्यावर क्षमा मागणारा हा कवी आहे. प्रेरणा खरी होती की नाही याचा पुरावा शोधायचाच, तर तो कोरड्या वह्यांपेक्षा या पश्चात्तापात अधिक सापडेल.

कोल्हापुरातील एक मुलगी

तुकोबांचा मार्ग हा एकट्याचाच अपवाद होता काय? त्यांच्या हयातीतच एका स्त्रीने तो चालून दाखवला. संत बहिणाबाई शिऊरकर यांचा जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. विसाव्या शतकातील खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी त्या वेगळ्या. शिऊरकर बहिणाबाईंचा विवाह अगदी बालवयात, वयाने खूप मोठ्या असलेल्या बिजवराशी झाला. संकटांमुळे कुटुंबाला गाव सोडावे लागले आणि ठिकठिकाणी फिरत ते कोल्हापुरात येऊन स्थिरावले.

तिथे जयराम स्वामींच्या कीर्तनात या मुलीने तुकोबांचे अभंग ऐकले. इथेही पहिली पायरी श्रवणाचीच. घरी दान म्हणून आलेल्या गाईचे वासरू तिच्या मागे मागे कीर्तनालाही जाई. ते वासरू मेले, तेव्हा ती बेशुद्ध पडली. आणि त्या अवस्थेत तिला तुकोबांचे दर्शन होऊन उपदेश मिळाला. साल होते १६४०. तिचे वय बारा-तेरा. तुकोबांना तिने तोवर डोळ्यांनी पाहिलेही नव्हते.

या अनुभवाची किंमत तिला ताबडतोब मोजावी लागली. पती वेदविद्या जाणणारा ब्राह्मण. पत्नीने शूद्राला गुरू मानावे, याचा त्याला संताप आला. त्याने तिला मारहाण केली, गोठ्यात बांधून घातले, टाकून जाण्याची भाषा केली. हे सारे बहिणाबाईंनी स्वतःच अभंगांत लिहून ठेवले आहे. स्त्रीच्या देहाला वेदांचा अधिकार नाही, मग परमार्थ साधायचा कसा, हा प्रश्न त्यांनी रोखठोक विचारला. पुढे पती आजारी पडला, त्याचे मन पालटले आणि सारे कुटुंब देहूला तुकोबांच्या सहवासात येऊन राहिले. तिथेही मंबाजी गोसाव्याचा जाच चुकला नाही.

बहिणाबाईंनी नवरा, मुले, घर सोडले नाही आणि आपला अनुभवही सोडला नाही. या दोहोंच्या कात्रीत त्यांनी जे आत्मनिवेदनपर अभंग रचले, ते मराठीतील स्त्रीच्या आत्मकथनाचे अगदी आरंभीचे लेखन आहे. जस्टिन ॲबट यांनी १९२९ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला. बहिणाबाईंनी १७०० मध्ये देह ठेवला. वारकरी संप्रदायाची इमारत ज्ञानदेवांच्या पायापासून तुकोबांच्या कळसापर्यंत कशी उभी राहिली, हे सांगणारा सुप्रसिद्ध अभंग त्यांच्याच नावावर आहे. ज्या गुरूसाठी त्यांनी मार खाल्ला, त्याला त्यांनी कळसावर बसवले. स्वतःसाठी मात्र कुठलीच जागा मागितली नाही.

शब्द टिकले कसे?

तुकोबांचे निर्याण फाल्गुन वद्य द्वितीयेचे, शके १५७१ म्हणजे १६५० मधले. हा दिवस तुकाराम बीज म्हणून देहूत साजरा होतो. त्यांच्या मागे शब्द टिकले ते लिहून घेणाऱ्यांमुळे आणि गाणाऱ्यांमुळे. सुदुंबऱ्याचे संताजी जगनाडे आणि कडूसचे गंगाराम मवाळ यांची नावे परंपरेने लेखनिक म्हणून जपली आहेत. पुत्र नारायण महाराजांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून वारीला आजचे रूप दिले. १८६९ ते १८७३ या काळात मुंबई सरकारच्या साह्याने इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेची दोन खंडांची आवृत्ती निघाली. तीत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. देहूच्या गाथा मंदिरात तर ते संगमरवरी भिंतींवर कोरले आहेत. पाण्यात बुडवलेले शब्द दगडावर आले, असे म्हणता येईल. परंतु त्यांचे खरे वसतिस्थान अद्याप दिंडीतल्या टाळकऱ्यांची रांग हेच आहे, जिथे तुकोबा स्वतः शिकले.

आजच्या साधकाला काय घेता येईल?

ध्यानातून किंवा भक्तीतून लिहू लागलेल्या माणसाने तुकोबांच्या क्रमाकडे पाहिले, तर काही कसोट्या आपोआप हाती येतात. हे शब्द सुचण्याआधी आपण इतरांचे किती ऐकले, किती पाठ केले? त्या अनुभवाने आपल्या व्यवहारात काही फरक पडला काय. कुणाच्या डोक्यावरचा एखादा बोजा त्यामुळे उतरला काय? कौतुक करणाऱ्यांच्या मताखेरीज आपल्या मनाची साक्ष काय आहे? आणि उद्या हे सारे लिखाण नदीत सोडायची वेळ आली, तर ते गेल्यानंतरही आपल्यापाशी काय उरेल?

तुकोबांची प्रतिभा या कसोट्यांनी मिळणार नाही. ती कुणालाच मागून मिळत नाही. परंतु त्यांनी सांगितलेल्या पायऱ्यांपैकी बहुतेक पायऱ्यांना प्रतिभेची गरजच नाही. मोडलेले दुरुस्त करणे, आदराने ऐकणे, पाठ करणे, मागच्या रांगेत उभे राहून सूर धरणे, जमेल तेवढी मदत करणे आणि स्वतःशी खोटे न बोलणे. स्फूर्तीची पायरी आली नाही, तरी एवढ्या वाटचालीत आयुष्य वाया गेले असे म्हणता येणार नाही. दरवर्षी ज्येष्ठात देहूहून पालखी निघते, तेव्हा तिच्यासोबत चालणाऱ्या लाखो वारकऱ्यांपैकी फारच थोड्यांनी कधी एखादा अभंग रचला असेल. धृपद मात्र प्रत्येकाला येते.